आकडे नकोसे वाटणाऱ्याने शेतात कोणते काम शोधावे?

कळव्याहून आलेले एक पत्र थोडे संक्षिप्त करून येथे देत आहे.

‘माझे वय २६ आहे. कला शाखेतून बारावी झालो. चार वर्षांपासून भिवंडीतील एका गोदामात मालाच्या नोंदी करण्याचे काम करतो. आकडे मला शाळेपासूनच नकोसे वाटतात. २७ च्या जागी माझ्या हातून ७२ लिहिले जातात, एकच बेरीज दोनदा केली तर दोन उत्तरे येतात, आणि चुकलेल्या नोंदींचे पैसे पगारातून कापले जातात. माझे आजोळ मुरबाड तालुक्यात आहे. दर जुलैमध्ये मी मामांकडे लावणीला जातो आणि वर्षातले तेवढेच आठ दिवस मला स्वतःबद्दल बरे वाटते. जिथे हिशेब करावा लागणार नाही अशी पिके पिकवण्याची नोकरी मला मिळेल का? आई म्हणते की शेतीत मजुरी असते, नोकरी नसते. ताई, कृपया सल्ला द्यावा.’

तुमच्या पत्रातील लावणीच्या आठ दिवसांच्या ओळीपाशी मी थांबले, कारण अठ्ठावीस वर्षे शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत कृषी खात्याचे काम करताना मी अशी अनेक माणसे पाहिली आहेत, ज्यांना शाळेने ‘ढ’ ठरवले होते आणि ज्यांच्या हातची रोपे मात्र वाफ्यात एकही मरत नसत. तुमच्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे की, होय, अशी कामे आहेत. पण ती सगळ्या शेतीत नाहीत, आणि जिथे आहेत तिथेही दोन ठिकाणी आकड्यांकडे पाठ फिरवून चालणार नाही.

सर्वांत आधी एक फरक नीट लक्षात घ्यावा. पीक वाढवणे हे एक काम आहे आणि शेती चालवणे हे दुसरे. शेती चालवणाऱ्याला बियाण्याचा, खताचा, मजुरीचा आणि टेम्पोच्या भाड्याचा खर्च मांडावा लागतो, वाशीच्या बाजार समितीत माल पाठवला की आडत्याकडून येणारी पट्टी वाचावी लागते, त्यात हमाली किती, तोलाई किती, वजनात घट किती धरली हे पाहावे लागते आणि मग हातात काय उरले ते कळते. माझ्या पाहण्यातील यशस्वी शेतकऱ्यांपैकी बहुतेकांची वही त्यांच्या कोयत्याइतकीच धारदार होती. त्यामुळे गोदामाला कंटाळून मामांच्या शेजारची जमीन खंडाने घ्यावी असा विचार मनात येत असेल तर तो आत्ता बाजूला ठेवावा, कारण तसे केल्याने तुम्ही आकड्यांपासून सुटणार नाही, उलट चुकलेल्या आकड्याची किंमत पगारातून न जाता घरातून जाईल. तुम्ही शोधायचे आहे ते हाताचे आणि नजरेचे काम, ज्यात हिशेब दुसरा कोणी ठेवतो आणि तुमच्या कौशल्याला त्याच्याकडे मागणी असते.

असे काम विचारल्यावर माझ्या डोळ्यांपुढे पहिल्याने येते ती रोपवाटिका, आणि त्यातही कलम बांधणे. आंब्याचे कोय कलम कसे बांधतात हे तुम्ही पाहिले नसेल तर सांगते. जूनमध्ये कोयी गादीवाफ्यावर रुजत घालतात. दहा-पंधरा दिवसांत तांबूस, लवलवीत पानांचे कोवळे रोप वर येते. ते कोयीसकट अलगद उपटून त्याचा शेंडा छाटतात आणि उरलेल्या दांड्याला, म्हणजे खुंटाला, मधोमध उभी खाच देतात. चांगल्या हापूसच्या झाडावरून आणलेली, तेवढ्याच जाडीची कलमकाडी घेऊन तिच्या बुडाला दोन्ही बाजूंनी तासून पाचरीचा आकार देतात, ती पाचर खाचेत बसवतात आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट गुंडाळून रोप पिशवीत लावतात. सारी कसोटी आहे ती दोन्ही साली एकमेकींना कुठे भिडतात हे बोटाने ओळखण्यात, चाकू एकाच ओढीत चालवण्यात आणि पट्टी इतकी आवळण्यात की आत पाणी जाणार नाही आणि कोवळा दांडाही चेंगरणार नाही. शहापूरच्या एका रोपवाटिकेत एक मावशी होत्या, ज्यांना सही करता येत नव्हती. त्या काडी निवडताना ती फक्त अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये एकदा फिरवत आणि बाजूला टाकत किंवा ठेवत. मी मोजपट्टी लावून पाहिली तेव्हा त्यांनी ठेवलेल्या काड्यांची जाडी खुंटांच्या जाडीशी अगदी जुळत होती. मालक त्यांना पावसाळ्यापूर्वीच उचल देऊन बांधून ठेवत असे, कारण त्यांनी बांधलेली कलमे जगत.

कोकणात या कारागिरीला वर्षभर काही ना काही काम असते. आंब्यामागून काजूची मृदकाष्ठ, म्हणजे कोवळ्या खोडावर बांधायची, कलमे येतात, डहाणू-घोलवड भागात चिकूचे कलम खिरणीच्या खुंटावर बांधतात, आणि मधल्या काळात पिशव्या भरणे, रोपे सावलीतून उन्हाला सरावणे, तण काढणे चालूच असते. बऱ्याच ठिकाणी कलम बांधणाऱ्याला नगावर पैसे मिळतात, म्हणजे मोजणी ही होतेच. पण ती ट्रे आणि वाफ्यांवरून होते, शिवाय मालक आणि तुम्ही दोघेही ती समोरासमोर करू शकता.

भाताचे काम तुम्हाला ठाऊक आहे. राब भाजण्यापासून लावणी, कापणी आणि झोडणीपर्यंत त्यात शरीर झिजते, पण डोके आकड्यांत अडकत नाही. मात्र ते हंगामी आहे. जुलैची लावणी आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरची कापणी यांच्या भरवशावर वर्ष निघत नाही, हे तुमच्या मामांनाही ठाऊक आहे. तरीही भाताविषयी मला एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती थेट तुमच्या प्रश्नाला लागू पडते. डॉ. नारायण सावंत यांनी विकसित केलेल्या चारसूत्री भातलागवडीत दोन चुडांमधील, म्हणजे एकत्र रोवलेल्या रोपांच्या जुडग्यांमधील, अंतर एकदा १५ आणि एकदा २५ सेंटिमीटर असे आलटून पालटून ठेवायचे असते. हे कागदावर वाचले तर तुम्हाला धडकीच भरेल. प्रत्यक्ष शेतात मात्र आम्ही एक दोरी नेत असू, तिच्यावर त्या अंतरांच्या खुणा आधीच केलेल्या असत. बायका खुणेवर चूड रोवत आणि दोरी पुढे सरकवत. खतसुद्धा युरिया-डीएपीच्या गोळीच्या रूपात असे आणि जवळजवळच्या चार चुडांच्या मधोमध एक गोळी चिखलात खोल खोचली की काम झाले. शास्त्रज्ञाने सगळे गणित त्या दोरीत आणि त्या गोळीत घालून ठेवले होते. तुम्ही जिथे कुठे कामाला लागाल तिथे अशी दोरी शोधत जावे आणि नसेल तर मागावी. मोजमाप हातात धरता येत असेल तर ते तुम्हाला चुकवणार नाही, असा माझा अनुभव आहे. आपल्या जुन्या माणसांनी वीत, मूठ, हात आणि पायली यांवर संसार केले. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायची पद्धत तुम्ही मामांकडे कदाचित ऐकली असेल.

तोडणीच्या कामातही नजरच लागते. पावसाळ्यानंतर शहापूर-मुरबाड भागात भेंडी होते, तिची तोड एक दिवसाआड करावी लागते. शेंग कोवळी आहे की जून झाली हे तिचे टोक मोडताना येणाऱ्या आवाजावरून कळते, आणि एक तोड चुकली तर दुसऱ्या खेपेला तीच शेंग दोरखंड होऊन बसलेली असते. चिकू तयार झाला की नाही हे सालीवर नखाने हलका ओरखडा काढून पाहतात. आत हिरवट रेघ दिसली आणि चीक भळभळला तर फळ अजून कच्चे आहे असे समजायचे. आंबा देठासकट उतरवावा लागतो, नाहीतर चीक सालीवर ओघळून डाग पडतात, आणि त्यासाठीच दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘नूतन झेला’ हे आंबे उतरवण्याचे अवजार तयार केले. विक्रमगड-जव्हारकडे मोगऱ्याच्या कळ्या सकाळी लवकर, उमलण्यापूर्वी खुडतात. या कामांत तरबेज झालेल्या माणसाला बागायतदार सहसा सोडत नाहीत. मात्र भेंडीच्या लवेने हातांना खाज सुटते आणि कमरेला दिवसभर बाक राहतो, हेही सांगून ठेवते.

कर्जत, मुरबाड, शहापूर भागांत मुंबई-ठाण्याच्या लोकांच्या वाड्या आहेत आणि तिथे राहून बाग व भाजीपाला सांभाळणारा माळी त्यांना हवा असतो. राहण्याची सोय होते हा त्याचा फायदा. पण शिकवणारे कोणी नसते, म्हणून तो मार्ग दोन-तीन वर्षे कुठेतरी काम शिकल्यानंतरचा समजावा.

आता जिथे जाऊ नये ते सांगते. नवी मुंबईच्या आसपास मातीविना पालेभाज्या वाढवण्याचे प्रकल्प निघाले आहेत आणि ते तरुणांना आकर्षक वाटतात, कारण स्वच्छ कपड्यांत, सावलीत काम असते. परंतु त्या शेतीचा कणाच आकड्यांचा आहे. पाण्याचा सामू (पीएच) साधारण ५.५ ते ६.५ च्या दरम्यान राखायचा, क्षारांची पातळी मीटरने तपासायची, मिलिलिटरमध्ये द्रावणे ओतायची आणि प्रत्येक नोंद वेळेसह लिहायची. दशांश चिन्ह एक घर सरकले तर मातीसारखे सांभाळून घेणारे तिथे काहीच नसते. गोदामातील तुमचा त्रास तिथे तसाच्या तसा भेटेल. मुकादमाच्या जागेबाबतही असेच. तुम्ही मन लावून काम कराल, दोन वर्षांनी मालक खूश होऊन हजेरीची वही हातात देईल, आणि तुम्ही पुन्हा तिथेच येऊन पोहोचाल. कामावर लागतानाच स्पष्ट सांगावे की, मला हाताचे काम द्या, वही नको. त्यात कमीपणा मानू नये.

सुरुवातीला मी ज्या दोन ठिकाणांचा उल्लेख केला, त्यांपैकी पहिले म्हणजे फवारणी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे तुम्ही ऐकले असेल. त्यामागे कारणे अनेक होती, पण औषधे मनाने मिसळणे आणि अंगावर संरक्षण नसणे या गोष्टी मी आपल्या भागातही रोज पाहत होते. शेतात सर्रास टोपणाने औषध मोजतात आणि प्रत्येक बाटलीचे टोपण वेगळे असते. मुरबाडच्या एका गावात एका मुलाने तणनाशक फवारलेला पंप नुसता विसळून तोच वांग्यावर मारला आणि दुसऱ्या आठवड्यात ते शेत होरपळल्यासारखे उभे होते. मालकाने त्याचा रोज कापला, पण चूक त्याला न शिकवणाऱ्यांची होती, आणि त्यांत मी स्वतःला धरते. म्हणून माझे सांगणे असे की, नीट शिकवले जाईपर्यंत फवारणीला नकार द्यावा. पुढे करावी लागलीच तर मापाच्या पेल्यावर मालकाकडून त्या औषधाच्या मात्रेपाशी रंगीत चिकटपट्टी लावून घ्यावी आणि प्रत्येक औषधाला वेगळा पेला ठेवावा. बाटलीवरच्या चौकोनातील रंग पाठ करावेत: लाल सर्वांत विषारी, त्याखाली पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्या मानाने सौम्य. फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही हे बाटलीवर लिहिलेले असते. ते दिवस कॅलेंडरवर मालकासमोर खोडून घ्यावेत. इथे २७ चे ७२ होऊन चालत नाही, कारण ती भाजी कुणाच्या तरी मुलाच्या ताटात जाणार असते.

दुसरे ठिकाण म्हणजे तुमचा स्वतःचा रोज. ज्याला हिशेब नकोसा वाटतो त्याला फसवणे सोपे असते आणि शेतीत उचल, खाडे आणि जेवणाचे पैसे यांच्या गुंत्यात माणसे वर्षानुवर्षे अडकलेली मी पाहिली आहेत. बेरीज करू नका, पण खूण करा. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये काम केलेल्या दिवसावर फुली, उचल घेतलेल्या दिवसावर गोल, आणि नगावर काम असेल तर भरलेल्या प्रत्येक ट्रेमागे डब्यात एक चिंचोका, इतके पुरते. दर शनिवारी ते कॅलेंडर मालकासमोर ठेवून त्याच्याकडूनच बेरीज करून घ्यावी आणि आकडा फोनमध्ये बोलून ठेवावा. पहिल्या महिन्यात मालकाला हे आवडले नाही तर ती जागा सोडलेली बरी.

तुमच्या पत्रातील २७ आणि ७२ बद्दलही दोन शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते. अंक उलटे लिहिले जाणे, मनात बेरीज न टिकणे हे लहानपणापासून असेल तर तो निष्काळजीपणा नसून डिस्कॅल्क्युलिया नावाची अध्ययन अक्षमता असू शकते. तिचा बुद्धीशी संबंध नाही. मी डॉक्टर नाही, तेव्हा तसे आहे की नाही हे तज्ज्ञांकडूनच तपासून घ्यावे. पण निदान झाले तर चार वर्षे पगार कापला जाताना तुम्ही स्वतःला जे काही म्हणत आला असाल, ते म्हणणे थांबेल.

आईंच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते त्यांना तसे सांगावे. आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात गेल्या दोन-तीन पिढ्यांत नोकरी म्हणजे कारखान्याच्या गेटावरचे कार्ड असेच समीकरण बसले. घणसोली, कोपरखैरणेच्या शेतांवर १९७० नंतर शहर उभे राहिले आणि ज्यांच्या घरात भाताच्या कणग्या होत्या त्यांची मुले ड्युटीला जाऊ लागली. शेतात उरली ती मजुरी, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. भविष्य निर्वाह निधी आणि ठरलेली तारीख शेतात क्वचितच मिळते, आणि पहिली दोन वर्षे तुमची मिळकत गोदामातल्या पगारापेक्षा कमी असण्याची तयारी ठेवावी लागेल. परंतु कलम बांधणारा कारागीर आणि रोजंदारीवरचा मजूर यांत गवंडी आणि पाटी वाहणारा यांच्याइतका फरक आहे, आणि तो फरक शिकण्याने पडतो. कोकण कृषी विद्यापीठाचे माळी प्रशिक्षण, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील बागकामाशी संबंधित अभ्यासक्रम आणि भारतीय कृषी कौशल्य परिषदेचे माळी व हरितगृह चालक यांसाठीचे अभ्यासक्रम यांची चौकशी करावी. प्रवेशाच्या अटी आणि जागा त्या त्या वर्षी विचारून घ्याव्यात. डहाणूजवळच्या कोसबाड येथील कृषी विज्ञान केंद्र आणि कर्जतचे भात संशोधन केंद्र येथेही जाऊन भेटावे. विचारताना लाजून ‘मला गणित जमत नाही’ असे म्हणण्याऐवजी ‘मला कलमे शिकायची आहेत’ असे म्हणावे. समोरचा माणूस वेगळ्या सुरात बोलतो.

गोदामाची नोकरी आज सोडू नये. सध्या मे संपत आला आहे. घोडबंदर रस्त्याकडेच्या एखाद्या रोपवाटिकेत सुट्टीच्या दिवशी पिशव्या भरण्याचे काम मागावे, पैसे कमी दिले तरी चार रविवार करावे, आणि तुमचे हात मातीत किती वेळ रमतात ते पाहावे. या वर्षी मामांकडे आठ दिवसांऐवजी पंधरा दिवस जाता आले तर त्यातले निम्मे दिवस लावणीला द्यावेत आणि निम्मे मुरबाड-शहापूरकडच्या एखाद्या फळरोपवाटिकेत, कारण कोय कलमाचा हंगाम नेमका तेव्हाच असतो. पहिली पन्नास कलमे बहुधा मरतील, कारण सुरुवातीला सगळेच पट्टी सैल बांधतात. बांधलेल्या प्रत्येक कलमाच्या पिशवीवर स्वतःची खूण करून ठेवावी आणि दोन-तीन आठवड्यांनी परत जाऊन कोणत्या काडीला तांबडा कोंब फुटला ते बघावे. जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा, गमबूट आणि स्वतःचा धारदार चाकू बरोबर न्यावा. दुसऱ्याच्या चाकूने हात बसत नाही.